टीएचएफचे मामा

उघडलेल्या प्रत्येक वस्तूवर तारीख लिहायची, हा आमच्या शिंदेमामांचा रोग. प्रयोगशाळेतल्या बाटल्या सोडाच, त्यांच्या लोणच्याच्या बरणीवर आणि खोबरेल तेलावरही चिठ्ठी असायची. ‘हवा लागली की वय सुरू,’ असं ते म्हणायचे.

कराडच्या कॉलेजात ते प्रयोगशाळा सहायक होते, मी एम.एस्सी.ला. सगळ्या द्रावकांत त्यांचा जीव टीएचएफवर. चार कार्बन आणि एक ऑक्सिजन हात धरून कडं करतात, असा हा ईथर. त्यातला ऑक्सिजन मॅग्नेशियमला सांभाळून घेतो, म्हणून आमची ग्रिग्नार्ड अभिक्रिया जमते. पाण्याचा थेंब मात्र तिला खपत नाही. म्हणून मामा टीएचएफ सोडियम आणि चिमूटभर बेन्झोफिनोनवर उकळत ठेवायचे. कोरडा झाला की गर्द निळा दिसतो. ‘निळं न्हाई तर न्हाई,’ म्हणत ते फ्लास्कपाशी राखण करायचे.

माझा प्रयोग चारदा फसला होता. शनिवारपर्यंत जमला नाही तर विषय बदला, असं माझ्या मार्गदर्शक सरांनी बजावलं. शुक्रवारी मामा जेवायला गेले आणि मला दम निघेना. कपाटात मागे एक जुनी बाटली सापडली, चिठ्ठी पार पुसट झालेली. मी ती सरळ ऊर्ध्वपातनाला लावली.

मामा परतले, ती बाटली पाहताच हीटर बंद केला आणि आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. थंड झाल्यावर चाचणीची पट्टी बुडवली, तर ती काळीनिळी. जुन्या टीएचएफमध्ये पेरॉक्साइड साठतं आणि आटवत नेलं तर स्फोट होतो, यावर मी परीक्षेत पूर्ण मार्क मिळवले होते.

मामांनी सरांपाशी अवाक्षर काढलं नाही. शनिवारी मी आले, तर ते पहाटेच येऊन बसलेले आणि फ्लास्कमध्ये गर्द निळं. प्रयोग जमला. आज मी सांगलीत हेच शिकवते, ते या माणसामुळे.

त्या शनिवारी संध्याकाळी कंदी पेढे घेऊन त्यांच्या खोलीवर गेले. मामी गेल्यापासून ते एकटेच राहत. रागावला का नाहीत, असं विचारलं.

“माज्या पोरीला बी केमिस्ट्रीच करायची हुती,” ते म्हणाले. “लॅबातली आग रोज बघतुया मी. भ्यालो. करू दिली न्हाई. चार वर्सं झाली, बोलत न्हाई माज्याशी.” मग फोनमधला तिचा नंबर माझ्यापुढे धरत म्हणाले, “आता तरी शिकंल का, तू इचारशील? मी इचारलं तर न्हाई म्हणंल.”

मी तिथूनच तिला फोन लावला. कराडच्या कॉलेजातून, शिंदेमामांच्या लॅबमधली, एवढंच सांगितलं.

“आबा बरं हायत नव्हं?” पलीकडून पोरीनं घाबरून विचारलं.

मी फोन मामांच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन उभी राहिले.