शेवटपर्यंत जिवंत

"या नाटकात मी मरणार नाही म्हणजे नाही! गळ्याशपथ! शेवटचा पडदा पडेपर्यंत ठणठणीत!" बाईंनी नातीला बजावून सांगितलं.

सात वर्षांच्या नातीने बोट नाचवलं. "मेलीस तर कट्टी. कायमची!"

हसू नका. बाई सव्वीस वर्षं रंगमंचावर मरत होत्या. क्षयाने मेल्या, विषाने मेल्या, जिन्यावरून पडून मेल्या, एकदा तर नुसतं पत्र वाचून मेल्या! त्या खोकल्या की प्रेक्षकांचे रुमाल बाहेर. पण चार वर्षांची असताना आजीचं मरण बघून नातीने अख्खं नाट्यगृह डोक्यावर घेतलं होतं. त्यानंतर तिने नाटकाचं नावसुद्धा काढू दिलं नाही. सगळ्या गावाने पाहिलेलं आजीचं काम एकट्या नातीनेच धड पाहिलेलं नव्हतं, आणि ते बाईंना फार लागायचं. म्हणून तर त्यांनी हे हसतंखेळतं नाटक मागून घेतलं. दुसऱ्या अंकात परगावी गेलेला मुलगा घरी येतो आणि आई म्हणते, "हातपाय धुऊन घे, पान वाढते." बस्स, एवढंच!

तालमीत दिग्दर्शक कपाळाला हात लावायचा. "बाई, आई जेवायला बोलावतेय. शेवटची इच्छा सांगत नाहीये!"

"प्रयोगात जमेल हो," बाई म्हणायच्या.

पहिला प्रयोग रविवारी दुपारी. पहिल्या रांगेत नात, हाताची घडी घालून. पहिला अंक झकास झाला. दुसऱ्या अंकात दार उघडून मुलगा आला. हा नट म्हणजे बाईंचा नाटकांतला जुना मुलगा. अकरा वर्षं त्या त्याच्याच हातांत मरत आलेल्या! तालमीत तो चहाचा कप घेऊनच एन्ट्री घ्यायचा, म्हणून कुणाच्या काही लक्षात आलं नाही. आज त्याने बॅग टाकली, दोन्ही हात पसरले आणि हाक मारली, "आई, मी आलो!"

ते पसरलेले हात दिसले मात्र, बाईंचा हात छातीवर गेला. पाय लटपटले. "आलास... बाळा..." म्हणत त्या कोसळल्या आणि मेल्या. आणि काय मेल्या! मागच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला.

पडदा काही पडेना, तेव्हा बाईंनी हळूच एक डोळा किलकिला केला.

"बाई, मेलात कशाला?" मुलगा पुटपुटला.

"मेली सवय! काहीतरी कर ना!"

"अहो, तिसऱ्या अंकात तुम्ही माझं लग्न ठरवायचंय!"

विंगेत दिग्दर्शकाने हाताला लागेल त्याला आत ढकललं. हाताला लागले ते नळ दुरुस्त करणाऱ्याचं काम करणारे काका.

"काका, बघा हो! नुसती चक्करच आलीय ना आईला?" मुलाने उत्तर आयतं हातात दिलं.

काकांनी पाना खाली ठेवून नाडी धरली. पण काका म्हणजे बाईंच्या आजवरच्या प्रत्येक नाटकातले डॉक्टर! त्यांनी मान हलवली आणि भरल्या आवाजात म्हणाले, "माफ करा. फार उशीर झाला."

बाईंनी मिटल्या डोळ्यांनीच त्यांना मनातल्या मनात शिव्या हासडल्या. झालं, कट्टी! कायमची!

तेवढ्यात पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला. "आजी! शब्द दिला होतास तू!"

बाई ताडकन उठून बसल्या. "अगं हो की! विसरलेच!" मग काकांकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही हो? नळ बघायला आलात ना? नळच बघा!"

नाट्यगृह हशाने दणाणलं. सव्वीस वर्षांतला बाईंचा हा पहिला हशा! त्या गडबडीत पान वाढायचं वाक्य राहूनच गेलं. पण लग्न ठरलं, पडदा पडला आणि बाई जिवंत राहिल्या.

घरी पोचेपर्यंत नातीने हाताची घडी सोडली नाही. बाईंचा जीव टांगणीला लागलेला. चपला काढता काढता त्यांनी विचारलंच, "कट्टी का गं?"

"नाही."

"मग आवडलं?"

नातीने जरा विचार केला. "मेलीस ना, ते एकदम खरं वाटलं. नंतर जिवंत होतीस, ते जरा खोटं वाटलं."

बाई मटकन खुर्चीत बसल्या.

"आजी, परत एकदा मर ना! मी डॉक्टर होते!"

"मरते गं बाई. आधी हातपाय धुऊन घे, पान वाढते."

बाई चमकल्या. किती सहज आलं वाक्य! त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. दिग्दर्शक नेमका ऐकायला नव्हता.