अर्धवट मुकुट

"या रविवारी मी रागावणार नाही म्हणजे नाही!" शनिवारी सकाळी शिट्टीबाईंनी स्वयंपाकघरातून जाहीर केलं, आणि तेही इतक्या जोरात की बाहेर दाढी करणाऱ्या नवऱ्याला ब्लेड लागलं.

शिट्टीबाई हे काही बाईंचं खरं नाव नव्हे. चर्चच्या संडे स्कूलमधल्या पोरांनी ठेवलेलं. कुकरला शिट्टी यायला निदान थोडा वेळ तरी लागतो, बाईंना तोही लागत नसे. पण शिकवायच्या मात्र झकास! जलप्रलयाच्या धड्याला पुठ्ठ्याचं तारू काय, चादरींचा समुद्र काय! पोरं आईचा हात सोडून त्यांच्या वर्गाकडे धावत. बाईंचाही त्या वर्गावर जीव. घरात त्यांचं कुणी ऐकत नसे, ऑफिसात तर नाहीच नाही. त्यांचं ऐकणारी जगात एकच जागा होती, चर्चच्या मागची ती खोली.

आणि तीच आता हातची जायची वेळ आली होती! मागच्या रविवारी एका पोरानं धड्यातल्या मोठ्या माशाला मिशा काढल्या. बाई अशा कडाडल्या की पुढे चर्चमध्ये चाललेली प्रार्थना 'आमेन'च्या आधीच थांबली. चर्चच्या पाळकसाहेबांनी बोलावून घेतलं.

"बाई, आणखी एकदा आवाज चढला, तर वर्ग तुमच्या धाकट्या जाऊबाईंकडे द्यावा लागेल."

धाकटी जाऊ! जी गिटार वाजवते, गोड गोड हसते आणि तारू कुणी बांधलं म्हणून विचारलं तर गाणं म्हणते! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण दातओठ खाऊन त्या "बरं" म्हणाल्या.

म्हणूनच बाईंनी धडा निवडला तो 'मंदक्रोध'. ज्याला चटकन राग येत नाही, तो मंदक्रोध. देव मंदक्रोध आहे, तसं आपणही व्हावं. प्रत्येक पोराला सोनेरी कागदाचा मुकुट, त्यावर लाल रंगात हा शब्द, आणि मुकुट घालून सगळ्यांनी उपासनेत मंडळीपुढे उभं राहायचं. अक्षरं कशी ठसठशीत हवीत, शेवटच्या बाकावरच्या आज्यांना चष्म्याशिवाय वाचता यावीत! शब्द पार डोक्याच्या मागपर्यंत गेला तरी चालेल. मापासाठी घरात एकच रिकामं डोकं होतं. "हलू नका!" असं दटावून बाईंनी नवऱ्याच्या कपाळाभोवती पट्टी गुंडाळली.

रविवारी वर्ग सुरू झाला. एकानं डिंकाची बाटली सांडली. बाई हसल्या. दुसऱ्यानं बाईंची बाही स्टेपलरनं टेबलावरच्या चादरीला टोचून टाकली. बाई आणखी हसल्या. तेव्हा मात्र पोरं घाबरली.

"बाई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" एका चिमुरडीनं विचारलं.

मुकुट घालायची वेळ आली आणि एकेक मुकुट सरळ गळ्यात उतरला. नवऱ्याचं डोकं ते नवऱ्याचं डोकं! पुढे पेटी वाजायला लागली होती. बाईंनी घाईघाईनं प्रत्येक पट्टीचं मागचं टोक आत सरकवलं, खटाखट पिना मारल्या आणि पलटण पुढे धाडली. आत सरकलेल्या टोकावर 'क्रोध' आहे, हे बघायला वेळ कुणाला होता? ध चा मा झाल्याचं आपण ऐकतो. इथे अख्खा ध गडप झाला होता!

पोरं मंडळीपुढे छाती काढून उभी राहिली. प्रत्येकाच्या कपाळावर सोनेरी मुकुट, आणि मुकुटावर लालभडक अक्षरांत एकच शब्द. मंद. मंद. मंद. मंद.

पेटी मध्येच बंद पडली.

"माझा मुलगा मंद?" दातांचे डॉक्टर ताडकन उठले. "शाळेत पहिला येतो तो!"

"मग आमची मुलगीच काय वाटेवर पडलीय?" शिंपीणकाकू शब्दागणिक चढत्या आवाजात म्हणाल्या. "आमच्या घरात कुणी मंद नाही!"

"आमच्या घरात नाही," शेजारी बसलेल्या त्यांच्या सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या माहेरचं मला माहीत नाही."

झालं! दोन बाकांवर दोन भांडणं लागली. बाई धावत पुढे आल्या.

"अहो, ऐका तरी! मंद असणं चांगलं असतं! देवसुद्धा मंद..."

"देव मंद?" अख्खी मंडळी उठून उभी राहिली.

"...क्रोध! मंदक्रोध! पूर्ण शब्द तरी ऐका!"

"ताई, रागावू नका हं," धाकटी जाऊ गोड आवाजात म्हणाली. "तब्येतीला बरं नाही ते."

बाईंच्या कानशिलातून वाफा निघायला लागल्या. नुसता संताप! त्या डॉक्टरचा संताप, त्या शिंपिणीचा संताप, आणि जावेचा तर विचारूच नका! पण एक शब्द चढला की खोली गेली. बाईंनी तळहातात नखं रुतवली, एका पोराच्या डोक्यावरचा मुकुट उतरवला, पिना उचकटल्या आणि पट्टी सगळ्यांपुढे उलगडून धरली.

"माप चुकलं, ती चूक माझी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण अर्धा शब्द वाचून भडकू नये, एवढंच मी मुलांना शिकवत होते."

लोक खजील झाले. शिंपीणकाकूंनी मान खाली घातली. डॉक्टर "माफ करा, बाई" म्हणत बसले. पाळकसाहेबांना तर गहिवरून आलं. त्यांनी माईक जवळ ओढला.

"मंडळी, मी आज बाईंकडेच बघत होतो. नाही नाही ते बोल लागले त्यांना, पण आवाज चढला नाही! वर्ग त्यांच्याकडेच राहील!"

टाळ्या पडल्या. पोरांनी शिट्ट्या मारल्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आणि खरं सांगू?" पाळकसाहेब रंगात आले. "आपल्या बाई इतक्या मंद असतील, असं मला कधी वाटलंच नव्हतं!"

"मंद कुणाला म्हणता?"

खिडक्यांची तावदानं थरथरली. "शनिवारचे शनिवार पुठ्ठे कापून बोटं सोलून घेते मी! आणि मंद? मी? तुम्हाला अक्कल आहे का?" पाळकसाहेब माईकसकट दोन पावलं मागे सरले. बाई आणखी बरंच बोलल्या. भानावर आल्या तेव्हा पोरांनी कानांवर हात ठेवले होते आणि धाकटी जाऊ गिटारच्या तारा जुळवत होती.

त्या दुपारी घरी बाई सोनेरी पट्ट्यांच्या पिना एकेक करून उचकटत बसल्या. शेवटी त्या पुटपुटल्या, "पण मी म्हणते, पूर्ण शब्द बोलायला त्या माणसाचं काय जात होतं?"