दुसऱ्या ‘नको’नंतर

आपल्याला आता मराठी येते, अशी इंजिनिअरची पक्की खात्री होती. पूल बांधायला परक्या मुलखातून आलेला हा माणूस वर्षभर शिकवणीच्या बाईंकडे नेमाने जात होता. व्याकरण त्याला जमलं होतं, गाडी अडायची ती आडून बोलण्यापाशी. त्याच्या घरी ‘नको’ म्हटलं की विषय संपायचा. बाईंनी समजावलं, "इथलं पहिलं ‘नको’ भिडेचं. दुसरं संकोचाचं. तिसऱ्यांदा विचारा, माणूस हो म्हणतो."

बाई जेवणातल्या आग्रहाबद्दल बोलत होत्या. तेवढं सांगायचं राहून गेलं.

रविवारी तो होणाऱ्या सासऱ्यांना पहिल्यांदा भेटायला गेला. त्यांना सगळे बाबा म्हणत. ते मधमाश्या पाळायचे. घरामागे तोंडावर जाळी ओढून ते एक पेटी उघडत होते.

"मी मदत करू?" इंजिनिअरने विचारलं.

"नको, तुम्ही आत बसा."

भीड, त्याने ओळखलं. "एकटे कसे कराल? मी धरतो."

"नको हो. जवळ येऊ नका."

हा संकोच. बिचारे किती अवघडलेत! "खरंच, मला आनंद होईल."

बाबांच्या हातात माश्यांनी लगडलेली चौकट होती. त्यांचं डोकं सटकलं. "या ना, या. नुसती मदत कशाला? राणीमाशीला मांडीवर घेऊन बसा."

बाईंना मनातल्या मनात नमस्कार करून इंजिनिअर पुढे झाला. मांडीचं त्याला जरा विचित्र वाटलं, पण असेल इथली पद्धत, म्हणून त्याने पेटीच उचलली. ती कलली, आणि आतलं अख्खं गाव बाहेर पडलं.

दोघं धावत सुटले ते थेट बाथरूममध्ये. कडी लावून बाबा धापा टाकत म्हणाले, "मी नको म्हणालो होतो."

"दोनदाच म्हणालात," इंजिनिअर सुजत सुजत म्हणाला आणि त्याने बाईंचा नियम सांगितला.

बाबा बादलीवर बसून पोट धरून हसले. "गाढवा, इकडे ये. हात दाखव. काटे काढतो, हलू नकोस तू."

फाटकापाशी बाबांची मुलगी, त्याची होणारी बायको, वाट बघत होती. भोपळ्याएवढ्या तोंडाने इंजिनिअर कसाबसा म्हणाला, "संपलं सगळं. ते मला तू म्हणाले. गाढवसुद्धा."

"म्हणजे तू घरचा झालास," ती टाळ्या पिटत म्हणाली. "ताईच्या नवऱ्याला ते अजून अहो-जाहो करतात. आवडतच नाही त्यांना तो."

हा नवा नियम इंजिनिअरने नीट ध्यानात ठेवला. पुढच्या रविवारी सूज उतरली होती. दारातच त्याने सासऱ्यांच्या पाठीवर प्रेमाने थाप मारली. "काय रे गाढवा, बरा आहेस ना तू?"

बाबांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि मुलीच्या आईंकडे वळून शांतपणे म्हणाले, "हा सुजलेलाच बरा होता. धड बोलता तरी येत नव्हतं."