शोशाम्माच्या जीपची थरथर

तोमाच्चनची कवळी वेलदोड्याच्या पोत्यात पडली आणि शोशाम्माच्या जीपचं प्रकरण थेट जीपवाल्यांच्या युनियनकडे गेलं.

दीडेक महिन्यापासून त्या जीपच्या स्टिअरिंगच्या अंगात येत होतं. चहाच्या फॅक्टरीसमोरच्या सपाट रस्त्यावर जरा वेग घेतला आणि खड्डा लागला, की पुढची चाकं लटलटायची, स्टिअरिंग हातातून निसटू बघायचं, आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत थरथर जायची नाही. शोशाम्मा दातओठ खाऊन धरून बसायची. मागे बसलेल्या तोमाच्चनला त्याच्या दातांनी साथ दिली नाही, एवढंच.

सेक्रेटरी वर्कीच्चनने स्टँडवर सगळ्यांसमोर फर्मान काढलं. "रविवारी चर्च सुटलं की ट्रायल. रिकामी गाडी, फॅक्टरीसमोर. हलली, तर रांगेतला तुझा पहिला नंबर गेला. जीप भंगारात घाल आणि घरी कप्प्याचे कंद उकडत बस."

"कप्पा मी जीप चालवूनही उकडते, चेट्टा," शोशाम्मा म्हणाली. "आणि नंबर स्टँड झाला तेव्हापासून माझा आहे. तुमच्या तोंडच्या वाफेने तो जायचा नाही."

त्या स्टँडवर ती एकटीच बाई, आणि तो पहिला नंबर तिला जिवापेक्षा प्यारा. तिने जीप थेट शशीच्या गॅरेजात घातली.

शशीने चाकं बॅलन्स केली. जीप हलली. पुढचे टायर मागे, मागचे पुढे केले. हलली. स्टिअरिंगचा शॉकअ‍ॅब्सॉर्बर नवा बसवला, तेव्हा दोन दिवस गप्प राहिली आणि मग अशी हलली की आरसाच गळून पडला. मग शोशाम्मा आत बसून स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवू लागली, आणि शशी खाली आडवा पडून एकेका सांध्यावर हात ठेवून कुठे सैल आहे का ते चाचपू लागला. दोन सांधे ढिले निघाले, ते बदलले. बेअरिंगही आवळली. जीप तरीही हलली.

"चेची, आता आवळायला फक्त माझा गळा उरलाय," शशी म्हणाला. "विकून टाक."

"तुझा गळा कोण घेणार? जीप मी विकत नाही."

शनिवारी संध्याकाळी ती मळ्यावरून निघाली, तर पंधरा बायका जीपमध्ये चढून बसलेल्या. दीड महिन्यापूर्वी चेकपोस्टवर पोलीस उभे राहायला लागले, तेव्हा युनियनने आठच माणसं न्यायचा नियम केला होता.

"सात जणी उतरा."

"तूच उतर," मागून आवाज आला. "पावसाचं वातावरण आहे, दुसरी गाडी नाही. आम्ही हलणार नाही."

शोशाम्माला हट्टी माणसं पहिल्यापासून आवडत. तिने गाडी सोडली. फॅक्टरी आली, खड्डा आला, बायकांनी येशूचं नाव घेतलं, आणि जीप सुतासारखी सरळ निघून गेली.

शोशाम्माने करकचून ब्रेक दाबला. "सगळ्या खाली उतरा!"

बायकांना रस्त्यात उभं करून ती रिकामी गाडी घेऊन त्याच खड्ड्यावरून गेली. थडथडथड! परत येऊन पंधराही जणींना भरलं. गप्प! पुन्हा उतरवलं, तेव्हा बायकांनी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ती ऐकतच नव्हती. रस्त्याकडेला उकिडवी बसून ती जीपकडे बाजूने बघत होती. रिकाम्या जीपची शेपटी वर होती आणि नाक खाली.

बायकांना घरोघर पोचवून ती शशीच्या दारात उभी राहिली. "मागच्या स्प्रिंगच्या कमानीत जादा पाटा कोणी घातला रे?"

"मीच. ओझं पेलावं म्हणून. डोंगरातल्या सगळ्याच जीपना..." शशी बोलता बोलता थांबला. "अय्यो! ओझं गेलं, मागची बाजू उचलली, पुढचा अ‍ॅक्सल पुढे कलला. चाकांची सरळ राहायची ओढच गेली की!"

"काढ तो पाटा."

रविवारी चर्च सुटल्यावर सगळा स्टँड फॅक्टरीसमोर जमला. शोशाम्माने रिकामी जीप खड्ड्यावरून नेली, वळवून परत आणली, आणि शेवटच्या खेपेला एका हाताने चालवली. स्टिअरिंग जागचं हललं नाही.

"ठीक आहे," वर्कीच्चन पडेल आवाजात म्हणाला. "नंबर राहू दे."

"राहू दे म्हणजे? तो होताच! आता बाकीच्यांच्या ट्रायली. रिकाम्या गाड्या. चेट्टा, पहिले तुम्ही."

ड्रायव्हर मंडळी एकदम आपापल्या चपला न्याहाळू लागली. वर्कीच्चनच्या जीपमध्ये मागच्या बाकावर त्याची बायको रोसम्मा बसली होती. चांगली भरभक्कम बाई.

"माझी गाडी ठणठणीत आहे," वर्कीच्चन म्हणाला. "आणि ही बसली आहे ना आत."

"मग मी उतरते की," रोसम्मा म्हणाली.

"उतरू नकोस! बसून राहा!"

पण ती उतरली होती. वर्कीच्चनचा नाइलाज झाला. खड्ड्यावर त्याची जीप अशी काही थडथडली की चहाच्या मळ्यातले बगळे उडाले. तो घामाघूम होऊन परत आला.

रोसम्मा कमरेवर हात ठेवून उभी होती. "दीड महिना मला जाल तिथे घेऊन फिरताय. पुढची सीट रिकामी असली तरी मागेच बसवताय. मला वाटलं, या वयात माणसाला प्रेमाचा उमाळा आला!"

रोसम्मा तरातरा शोशाम्माच्या जीपकडे गेली आणि पुढच्या सीटवर ऐसपैस बसली.

"चल गं, घरी सोड मला," ती म्हणाली. "आणि ह्यांना येऊ दे रिकामे."