समुद्र : सध्या निरंक

१९६३ सालच्या ऑक्टोबरात आमच्या बँडचं ‘ड्राय फोर्क बीच’ हे गाणं देशात सहाव्या क्रमांकावर पोचलं. त्या दिवशी नेब्रास्कातल्या ड्राय फोर्क या गावापासून सगळ्यांत जवळचा समुद्र नऊशे मैलांवर होता. गाण्यामुळे त्यात काही फरक पडला नव्हता.

आम्ही चौघे. त्यातल्या एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता. व्हर्लिन कुचेराने हे गाणं बापाच्या ट्रॅक्टरवर बसून रचलं, कारण शेतकी कॉलेजातल्या फ्रॅटर्निटी नावाच्या मंडळातल्या पोरांना बिअर पिताना ओरडायला काहीतरी हवं होतं आणि त्या वर्षी सगळं जग समुद्राच्या लाटांवरची गाणीच ओरडत होतं. मी, लाइल येलिनेक, ड्रम बडवत होतो. गाण्यात एकूण अकरा शब्द होते. त्यांतले चार म्हणजे गावाचं नाव, दोनदा.

नोव्हेंबरपासून गावच्या कचेरीत पत्रं येऊ लागली. बीच कधी उघडतो? कुत्रं आणलं तर चालेल का? कारकून बाईंनी प्रामाणिकपणे उत्तर टाइप केलं, ‘आमच्याकडे बीच नाही.’ सहीसाठी ते नगराध्यक्ष सोडरहोम यांच्यापुढे गेलं.

“बाई, नकारार्थी लिहू नका,” ते म्हणाले. “बीचची बाब विचाराधीन आहे, असं लिहा.”

बाब विचाराधीन म्हटल्यावर फाइल आली. फाइल ठेवायला खातं हवं. अशा रीतीने ड्राय फोर्क किनारपट्टी खातं स्थापन झालं आणि अनुदानासाठी राज्याच्या राजधानीत अर्ज गेला. अर्जात ‘किनाऱ्याची एकूण लांबी’ असा रकाना होता. सोडरहोम साहेबांनी त्यात लिहिलं, ‘सध्या निरंक.’

आम्हाला वाटलं, आता संपलं. पण राजधानीतल्या साहेबांनी आकडे तपासले आणि किनाऱ्याच्या बाबतीत ड्राय फोर्क हे अत्यंत मागास गाव असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. विशेष अनुदान मंजूर झालं.

मार्चमध्ये खात्यात भरती निघाली. जीवरक्षकाच्या जागेसाठी माझा एकट्याचाच अर्ज होता.

“पोहता येतं?” सोडरहोम साहेबांनी विचारलं.

“नाही.”

“पाणीही नाही. अट शिथिल.” त्यांनी मला शिट्टी दिली.

जागा म्हणून व्हर्लिनच्या बापाचं, म्हणजे अँटनकाकांचं, चाळीस एकर मक्याचं शेत ठरलं, कारण सपाट जमीन आणि रस्त्यालगतची. बांधावर ट्रकभर वाळू पसरली. वाळूवर माझी उंच खुर्ची आली. अँटनकाका हातातली टोपी चुरगाळत बघत राहिले.

“आणि पाणी?” त्यांनी विचारलं.

“पाणी दुसऱ्या टप्प्यात,” साहेब म्हणाले.

जूनमध्ये माणसं यायला लागली. मला वाटलं होतं, गाडीतून उतरतील, बघतील आणि आम्हाला बदडतील. तसं काही झालं नाही. ओहायोहून, मिसूरीहून आलेली माणसं टॉवेल पसरायची, अंगाला तेल चोपडायची आणि मक्याकडे तोंड करून बसायची. वारा आला की मका डुलायचा. “काय लाटा आहेत!” कोणीतरी म्हणायचं, आणि बाकीचे लगेच मान डोलवायचे. दोन दिवस गाडी हाकून आलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणं परवडणार?

एका बाईंनी मात्र मला हटकलं. “अहो, पाणी दिसत नाही. ओहोटी आहे का?”

“हो बाई.”

“मग भरती कधी?”

“मार्चमध्येच झाली,” मी म्हणालो. “मीच तो.”

मी रोज नोंदवहीत लिहीत होतो, बुडालेले : शून्य. सप्टेंबरात राज्याने हिशेब केला, तेव्हा संबंध हंगामात एकही माणूस बुडू न देणारा किनारा म्हणून आम्हाला सुरक्षिततेचं मानपत्र जाहीर झालं. समारंभ ऑक्टोबरात ठरला. बँडने तिथे ते गाणं वाजवावं, असा हुकूम निघाला.

नेमका तेव्हाच मका वाळून काढणीला आला. अँटनकाकांनी यंत्राला तेलपाणी केलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना नोटीस मिळाली : किनाऱ्यावरील लाटा काढून नेण्यास सक्त मनाई आहे.

व्हर्लिन ती नोटीस घेऊन माझ्या खुर्चीखाली उभा राहिला.

“लायल्या, वर्षभराचं पीक आहे रे ते. पहिलं बर्फ पडलं की आडवं होईल. म्हातारा काल जेवला नाही. समोर त्याच्या आवडीचे कोलाचे, ते गोड पाव, ठेवले, त्यांनाही हात लावला नाही.”

“साहेबांना जाऊन सांग ना.”

“सांगितलं. म्हणाले, बाब विचाराधीन आहे.” तो वाळूवर थुंकला. “माझ्या अकरा शब्दांनी बापाचं शेत बुडवलं. आणि तू वर बसून लिहितोस, बुडालेले शून्य!”

मी नोंदवही मिटून मांडीखाली सारली. शिट्टी गळ्यात असली की माणसाला फार बोलता येत नाही.

त्या आठवड्यात व्हर्लिनने दुसरं गाणं लिहिलं. त्यात बीच नव्हता. पहाटे उठणारा बाप होता, मक्याच्या पात्यांनी कापलेले हात होते, आणि ‘हा मका आहे, समुद्र नाही’ एवढं साधं धृपद होतं. तालीम करताना माझ्या हातातली काठी दोनदा गळली. आजवर आम्ही वाजवलेलं ते एकमेव चांगलं गाणं.

समारंभाला तीन हजार माणसं होती. व्हर्लिनने दुसरं गाणं म्हटलं. मागे बांधावर, यंत्रावर बसलेल्या अँटनकाकांनी टोपी काढली आणि गाणं संपेपर्यंत घातली नाही. गाणं संपलं. कोणीतरी खोकलं. मग एक जण ओरडला, “बीचवालं म्हणा!” आणि तीन हजार गळे एका सुरात ते अकरा शब्द गाऊ लागले.

अँटनकाकांनी टोपी घातली, यंत्र चालू केलं आणि सरळ मक्यात घुसवलं.

एकेक ओळ आडवी होऊ लागली. लाटा मागे हटताना दिसल्या. सोडरहोम साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला, पण ते जन्मजात नगराध्यक्ष होते. त्यांनी माइक ओढला.

“बंधुभगिनींनो, ओहोटी!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. अँटनकाकांनी चाळीसच्या चाळीस एकर काढले. खात्याने ती पहिली अधिकृत ओहोटी म्हणून नोंदवली आणि दरवर्षी ऑक्टोबरात घेण्याचं ठरवलं.

व्हर्लिनने दुसऱ्या गाण्याची रेकॉर्ड काढली. ती चालली नाही. त्याने गाणं सोडलं आणि बापाचं शेत धरलं. न खपलेल्या रेकॉर्डांची खोकी माझ्या तळघरात आहेत.

आमच्या गावाला इतका वेळ हसलात, म्हणजे तुम्ही त्या तीन हजारांतले नाही, हे उघडच आहे. तेव्हा पत्ता कळवा. त्या खऱ्या गाण्याची रेकॉर्ड मी तुम्हाला फुकट पाठवतो, टपालखर्चही माझा. आजवर मी बऱ्याच समजूतदार माणसांना असं सांगितलं आहे. सगळ्यांनी आनंदाने पत्ते दिले, आणि सगळ्यांनी खाली एक ओळ लिहिली. तुमच्याही मनात ती आलीच असेल :

‘मागच्या बाजूला ते बीचवालं आहे ना?’