गंगाक्काची झबली

गंगाक्का कपाला नागडा म्हणते. "नागडा कप कोण धरील गं हातात, भाजंल की," असं ती चारचौघांत म्हणते आणि आम्ही माना खाली घालून हसतो. कॉफीच्या कागदी कपावर घालायची पुठ्ठ्याची पट्टी असते ना, वर त्या त्या दुकानाचं नाव छापलेली, ती आम्ही बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात बनवतो. साहेब तिला स्लीव म्हणतात, ऑर्डर देणारे पण स्लीवच म्हणतात. गंगाक्का झबलं म्हणते. आता आम्ही सगळ्याच झबलं म्हणतो, परवा साहेबांच्या तोंडून पण निघालं, मग ते लाजले.

मी कामाला लागले तेव्हा माझी चिमी पाच महिन्यांची होती. मी चिकोडीकडची, लग्न होऊन इकडं या मोठ्या शहरात आले, आणि मला सगळ्याची भीती वाटायची, बसची, लिफ्टची, इथल्या कानडीची पण, कारण आमच्याकडची कानडी वेगळी आणि इथं बोलले की लोक वळून बघतात. साहेब 'गुड मॉर्निंग' म्हणाले तरी माझ्या हातून गम सांडायचा. घरी लेकरू सांभाळायला कोणी नाही आणि कारखान्यात आणायचं नाही असा नियम, तरी पहिल्या दिवशी मी चिमीला पदराखाली घेऊन आले आणि वाटलं की आता हाकलतात. गंगाक्कानं बघितलं. तेव्हा आमची ओळख पण नव्हती. तिनं एक रिकामा खोका ओढला, त्यात कातरण भरलं, वर आपलं जुनं लुगडं अंथरलं आणि चिमीला माझ्याकडून घेऊन त्यात ठेवलं.

तेवढ्यात साहेब आले. "काकू, हे काय आहे?"

"सँपल," गंगाक्का म्हणाली.

"कसलं सँपल?"

"मापाला नको का साहेब." आणि तिनं खरंच एक ताजी चिकटवलेली पट्टी उचलून चिमीच्या पायात घातली, ती गुडघ्याच्या वर जाऊन घट्ट बसली. "बघा. बारक्या कपाची साईज बरोबर हाय."

साहेब पुण्याचे आहेत, मनानं चांगले. हसावं की रागवावं हे न ठरवताच ते आत गेले. त्या दिवसापासून चिमी सँपल म्हणून येते.

गंगाक्काची खोड अशी की प्रत्येक गठ्ठ्यातलं एक झबलं ती कपावर चढवणार, कपात उकळतं पाणी ओतणार आणि कप गालाला लावणार. हाताला नाही, गालाला. "हात काय, आपले घट्टं पडलेले हात. पिणाऱ्याचे तसले नसतात." गाल पोळला तर गठ्ठा बाजूला. साहेब म्हणायचे, काकू, कस्टमरनी पास केलंय. ती म्हणायची, "कस्टमरचा गाल हाय का हितं?"

वर काय छापलंय ते तिला वाचता येत नाही, ती माझ्याकडून वाचून घेते आणि मग तिचं मत सुरू होतं. एका दातांच्या दवाखान्याची ऑर्डर आली तर म्हणाली, "दात दुखतोय त्याला गरम कशाला पाजतात? धंदा वाढवायला असंल." एका लग्नाची आली, नवरा-नवरीचं चित्र होतं, तर तो गठ्ठा तिनं जपून वेगळा ठेवला आणि दिवसभर कोणाशी बोलली नाही. मला वाटलं डोकं दुखत असेल.

आणि बेळ्ळंदूरचा माल आला की कोणालाच हात लावू द्यायची नाही. तिथल्या एका कॉफीच्या दुकानाची ऑर्डर दर महिन्याला असते, वर पिवळा पक्षी. ती झबली ती एकटी चिकटवायची, सांधा बोटानं दाबून दाबून. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "पक्षी वाकडा बसतोय तुमच्या हातनं."

मागच्या महिन्यात मशीन दुरुस्तीसाठी आठवड्याच्या मधल्या वारी सुट्टी मिळाली. गंगाक्का म्हणाली, "चल, बेळ्ळंदूरला जाऊ, झबली कशी दिसत्यात बघू. लेकरू घे."

"लेकरू कशाला?"

"मला एकटीला दारातला माणूस आत सोडत न्हाई. सहा डाव गेले मी. कडेवर लेकरू असलं की माणसाला दार उघडावं लागतंय."

आणि खरंच उघडलं त्यानं. आत सगळे गळ्यात ओळखपत्र घातलेले, चार वाजले होते, बसायला जागा नाही. कोपऱ्यात एक बाक मिळाला. गंगाक्का काउंटरला गेली, मी मागं मागं. तिथल्या मुलीनं कॉफी विचारली आणि मग नाव विचारलं, कारण कप तयार झाला की नाव पुकारतात.

गंगाक्का म्हणाली, "सुलक्षणा."

बाकावर येऊन बसलो तर मी विचारलं, "अक्का, सुलक्षणा कोण?"

"लेक माझी." ती समोरच बघत होती. "तिनं आपल्या मनानं लग्न ठरवलं, तर मी म्हटलं, मला तू मेलीस. तीन वर्सं झाली. नंबर बदलला तिनं. गावातला एक जण म्हणाला, बेळ्ळंदूरला हापिसात हाय, चारला खाली येती कॉफीला, पिवळा पक्षी काढलेल्या दुकानात."

मी चिमीचं टोपरं नीट केलं, ते नीटच होतं.

"सुलक्षणा," काउंटरवरच्या मुलीनं पुकारलं.

मी उठायला लागले तर गंगाक्कानं माझा गुडघा दाबला. "बस. कोण वळून बघतंय ते बघ."

मी बघितलं. कोणी मोबाईलमध्ये, कोणी हसतंय. दुसऱ्यांदा पुकारलं, तेव्हा खिडकीपाशी पाठमोरी बसलेली एक मुलगी हलली आणि गंगाक्काची बोटं माझ्या गुडघ्यात रुतली. त्या मुलीनं खुर्चीवरची बॅग घेतली, तिचं तोंड दिसलं, ती दुसरीच कोणी होती. तिसऱ्यांदा पुकारून काउंटरवरच्या मुलीनं कप बाजूला सरकवला.

"हाक मारणारीचा आवाज बारीक हाय," गंगाक्का म्हणाली. "मागं बसलेल्यांना गेला नसंल. अजून एकदा म्हण म्हणावं."

मला कंडक्टरकडं तिकीट मागताना पण घाम फुटतो. मी चिमीला कडेवर घेतलं आणि त्या सगळ्या माणसांमधून काउंटरपर्यंत गेले.

"इन्नोंदु सल," मी काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, "अजून एकदा पुकारा, स्वल्प जोरात."

ती म्हणाली, "कप इथंच आहे, घेऊन जा की."

"कप राहू दे," मी म्हणाले. "तुम्ही हाक मारा."