बदकांच्या पार्कात या!

पार्कात टेबल धरणं हा माझ्या हातचा मळ आहे! अख्ख्या बेकर्सफील्डमध्ये ईस्टरच्या दिवशी सावलीतलं टेबल माझ्याइतकं झटपट कोणी धरत नाही, हे सांगून ठेवते. त्या दिवशी आमच्याकडे घरात कोणी जेवत नाही. सगळं गाव शेगड्या, खुर्च्या, फुगे आणि म्हातारी माणसं गाडीत कोंबून पार्कात लोटतं. झाडं कमी, माणसं फार! म्हणून प्रत्येक घरातलं कोणीतरी पहाटेच जाऊन टेबलावर चादर पसरतं, चार फुगे बांधतं आणि खुडुक कोंबडीसारखं त्याच्यावर बसून राहतं. उठलात की टेबल गेलं!

या वर्षी तर चुकून चालणारच नव्हतं. ओफेलिया आजीचा गावातला हा शेवटचा ईस्टर. इथल्या उन्हात एकटीने राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यामुळे मावशी तिला पुढच्या महिन्यात पोर्टलंडला नेणार होती.

"तिथे म्हणे सारखा पाऊस पडतो. मग माणसं बसतात कुठे गं?" आजी विचारायची. दर ईस्टरला ये, तिकीट आम्ही काढतो, म्हणून आम्ही सगळे तिच्या मागे लागलो होतो. ती नुसतं "बघू" म्हणायची. मागणं एकच होतं, "मला बदकांच्या पार्कात जेवायचंय. सगळ्यांबरोबर."

"बास? एवढंच?" मी म्हटलं आणि घरच्या ग्रुपवर टाकून दिलं : 'रविवारी बदकांचं पार्क. टेबल निदियाकडे लागलं. निर्धास्त या!'

रविवारी उजाडायच्या आत मी कालव्याकाठच्या पार्कात हजर. माझी मुलं याच पार्कात धडपडत मोठी झाली. बदकं म्हणाल तर इतकी, की पाऊल टाकताना खाली बघावं लागतं. कोपऱ्यातलं छान टेबल धरलं, फुगे बांधले, केक मांडला आणि वाट बघत बसले.

ऊन चढलं तरी कोणी येईना. शेवटी चुय मामाचा फोन आला.

"निदे, कुठे कडमडलीस? टेबल शेवटी मीच धरलं, मांसही भाजून झालं!"

"मी टेबलावर आहे मामा! तू कुठे आहेस?"

"बदकांच्या पार्कात!"

"मीपण!"

"मग दिसत का नाहीस?"

मला जरा शंका आली. "मामा, तुझ्यासमोर काय आहे?"

"तळं."

"त्यात बदकं आहेत?"

"बदकं कुठली? पाणी कुठाय!"

मामा टोमॅटोच्या कारखान्यामागच्या जुन्या पार्कात बसला होता! तिथलं तळं मी शाळेत असताना आटलं. बदकं तेव्हाच शहाण्यासारखी निघून गेली.

"अरे, मग त्याला बदकांचं पार्क काय म्हणतोस?"

"मग काय म्हणू? खड्ड्याचं पार्क?"

एवढ्यात मावसभावाचा, रेनाल्दोचा फोन. त्यालाही मी त्याच कॉलवर घेतलं. तो हल्ली गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहतो.

"ताई, तू दिसली नाहीस म्हणून मीच टेबल धरलंय हं. अगदी बदकांसमोर!"

"बदकं काय करतायत?"

"काही नाही. सिमेंटची आहेत. पोरं बसलीत वर."

मी हिशेब मांडला. मांस आटलेल्या तळ्याकाठी, भात, घेवडा आणि तोर्तियाच्या पोळ्या सिमेंटच्या बदकांपाशी, आणि माझ्यापाशी केक! त्याचा वास लागलेली बदकं टेबलाला वेढा घालून उभी होती.

"तुम्ही दोघं इकडे या!" मी म्हटलं.

"टेबल सोडून? समोर एक बाई केव्हाची टपून बसलीय," रेनाल्दो म्हणाला.

"खरं बदकांचं पार्क माझंच आहे!" मामा कडाडला.

"तुझ्याकडे एक तरी बदक आहे का?"

"होतं!"

अशी आमची खडाजंगी रंगात आलेली असताना रेनाल्दोने हळूच विचारलं, "ताई, आजी तुझ्याकडेच आहे ना?"

"माझ्याकडे? मला वाटलं, मामाकडे!"

मामाचा आवाज एकदम खाली आला. "मला वाटलं तुमच्यापैकी कोणाकडे तरी."

माझं धाबं दणाणलं. आजी शेजारच्या डेल्फिनोकाकांबरोबर चर्चला गेली होती. काकांना फोन लावला.

"सोडलं की तिला. बदकांच्या पार्कात!"

"कुठल्या?"

"कुठल्या म्हणजे? बदकांच्या!" आणि काकांनी फोन ठेवला. ते परत उचलेनात. आजीचा फोन नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात निवांत पडलेला!

एवढ्या उन्हात माझी आजी कुठेतरी एकटी आमची वाट बघत उभी असणार. मला रडूच यायला लागलं. जन्मात पहिल्यांदा मी धरलेलं टेबल सोडलं. गाडीपाशी पोचेपर्यंत त्याच्यावर दुसऱ्यांची चादर पडलीसुद्धा! माझ्याकडे आजी नव्हती, रेनाल्दोकडे नव्हती. म्हणजे काकांचं बदकांचं पार्क ते जुनंच असणार! दोघं मिळून मामाकडे धावलो.

मामा टेबलाला चिकटून बसला होता. "शपथ घेऊन सांगतो, मी इथून हललो नाही! आली असती तर दिसली नसती?"

आटलेल्या तळ्याच्या पलीकडे तुतीच्या झाडाखाली हास्याचा नुसता गदारोळ चालला होता. आमच्याकडे ईस्टरला अंड्याच्या टरफलात रंगीत कागदाचे कण भरून ती एकमेकांच्या डोक्यावर फोडतात. तिथे एक म्हातारी एका टकल्या माणसाच्या डोक्यावर एकामागून एक अंडी फोडत होती.

"ती म्हातारी मघापासून काय धमाल करतेय," मामा कौतुकाने म्हणाला. "कोणाची आई आहे कोण जाणे!"

"तुझी!" मी ओरडले.

ते आमचं जुनं टेबल होतं. माझे लहानपणीचे सगळे वाढदिवस त्याच तुतीखाली झाले. आजोबा तिथे शेगडीशी उभे राहून कलिंगड कापायचे आणि मधला गोड तुकडा गुपचूप आजीच्या हातात द्यायचे. त्या टेबलाशी आजी बसलेली बघून माझे डोळे भरून आले.

"तुम्ही यांच्या घरचे?" त्या घरची बाई, अरासेली, अवाक् झाली. "मला वाटलं, माझ्या नवऱ्याकडच्या आजी. त्याला वाटलं, माझ्याकडच्या!"

"आणि मला वाटलं, आपलीच पतवंडं," आजी म्हणाली. "एवढी झालीत की कोण ध्यानात ठेवतंय!"

"मग कळलं कधी?"

"मांस तोंडात घातल्यावर. चुयला इतकं मऊ जमत नाही."

मी आजीला मिठी मारली. "आजी, तुझा शेवटचा ईस्टर आम्ही पार वाया घालवला गं!"

"शेवटचा कसला? पुढच्या वर्षी विमानाने येतेय मी. अरासेलीने बोलावलंय!"

महिनाभर आम्ही घसा कोरडा केला, आणि या परक्या बाईने ताटभर मांसावर काम फत्ते केलं! राग यायला हवा होता, पण मी आनंदाने रडत होते.

"आणि आम्ही गं? आम्ही येऊ ना?"

आजीने आमच्याकडे नीट पाहिलं. बदकांनी चोची मारलेला केक घेतलेली मी, घेवड्याचं पातेलं सांभाळणारा रेनाल्दो, आणि हातात चिमटा धरून उभा असलेला मामा.

"थांबा, विचारते," ती म्हणाली आणि अरासेलीच्या कानाशी लागली, तेही आम्हाला स्पष्ट ऐकू येईल अशा आवाजात. "माणसं वाईट नाहीत गं. नुसती चुकतात."

नवऱ्याशी बोलून कळवते, म्हणालीय अरासेली.